बंडखोर नायिकेच्या सातबाऱ्याचं काय?

मा. संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळी अंक वाचून संपत आलेत आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आजच्या मराठी कथा-कादंबरीत नवऱ्याला, सासरला, चार लोकांना न जुमानणारी बाई भरपूर दिसते आणि ते मला मनापासून आवडतं. पण बहुतेक वेळा ती पुण्या-मुंबईची असते, चांगल्या पगाराची नोकरी असते, एक दिवस बॅग भरते आणि वेगळ्या फ्लॅटवर राहायला जाते. त्या फ्लॅटचं डिपॉझिट कोणी भरलं ते कुठेच येत नाही. जिला जायला दुसरं घरच नाही ती कशी बंड करते ते कोण लिहिणार?

मी तालुक्याच्या गावी दस्त टाइप करायचं काम करते, आमच्याकडे हक्कसोडपत्रं सारखी असतात. वडील गेले की वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात आणि मग भाऊ गाडी करून सगळ्या बहिणींना सही-अंगठ्याला घेऊन येतो. कायदा बहिणींच्या बाजूने आहे हो, महाराष्ट्राने १९९४ लाच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, फक्त आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या होत्या, २००५ ला देशभर कायदा बदलला तेव्हा त्यापण आल्या, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. तरी बाया सही करतात. कारण माहेर तुटेल, भाऊबीजेला कोणी बोलावणार नाही, उद्या नवऱ्याने टाकलं तर दार कोण उघडणार. म्हणजे जी जमीन असती तर कोणाच्या दाराशी जावंच लागलं नसतं, तीच सोडून द्यायची.

पण कधीतरी एखादी पेन खाली ठेवते. आरडाओरडा नाही, भाषण नाही, "आज नको, मला विचार करायचाय" एवढंच. भाऊ गप्प होतो आणि पहिली बोलते ती आई, "तुला लग्नात दिलं ते कमी पडलं का" म्हणून. त्यात सासरचे वाटा आण म्हणून मागे लागलेले असतात, मग तिचा हा नकार तिचा स्वतःचा किती आणि नवऱ्याने शिकवलेला किती हे तिलाही पटकन सांगता येणार नाही. एवढा गुंता कथेत यायला नको का? तीन बहिणींपैकी दोघींनी सही केली आणि तिसरीने नाही, तर त्या परतीच्या गाडीत काय बोलणं झालं असेल? हे मला वाचायचंय.

आणि मराठीला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. विभावरी शिरूरकरांनी १९३३ सालीच 'कळ्यांचे निःश्वास' मध्ये शिकलेल्या, कमावत्या मुलींची घुसमट लिहिली, तीही टोपणनावाने लिहावी लागली. कविता महाजनांची 'ब्र' २००५ ची, त्यात आदिवासी भागातल्या महिला सरपंच आहेत, खुर्ची बाईची आणि कारभार दुसऱ्याचाच हे सगळं आहे. पैसा, सही, अधिकार कोणाच्या हातात आहे ते या दोघींनी पाहिलं म्हणून त्यांच्या बाया खऱ्या वाटतात. नंतरच्या लिखाणात बंड फार करून बेडरूम आणि नात्यांपुरतं राहिलं असं माझं मत आहे. तेही महत्त्वाचंच, पण गावाकडच्या पुरुषसत्तेचा मोठा भाग तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि तिकडे कथालेखक फार कमी जातात.

लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की एकदा दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर दिवसभर बसा, बायकांशी बोला, त्या बोलतात. आणि साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत कथा छापता तिथे अशा विषयावरच्या कथा मुद्दाम मागवा, तालुक्याच्या गावातनं लिहिणाऱ्या मुलींकडून मागवा. त्यांनी हे घरातच पाहिलेलं असतं.

आपली,
एक नियमित वाचक, जि. सातारा