प्रवासात पाणी कमी प्यायचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आईवडिलांना परदेशी नेताना काय तयारी करायची याची यादी आली होती. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स, इन्शुरन्स, गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, व्हीलचेअर आधी सांगून ठेवणं, सगळं बरोबर आहे आणि मी ते सगळं केलंही होतं. तरी माझ्याकडून एक गोष्ट राहिली, ती तुमच्या यादीतही नाही आणि जरा लाजेची असल्यामुळे कोणी लिहीत नाही. बाथरूमची गोष्ट आहे, सरळच सांगतो.

बहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीला होतं म्हणून आईला सोडायला मी निघालो. आई 71 वर्षांची, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली, विमानात पहिल्यांदाच बसणार. महिनाभर घरात फक्त बॅगा हा एकच विषय. किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणला, 23 किलोच्या वर एक लाडू जास्त होऊ द्यायचा नाही, डिंकाचे लाडू कुठल्या बॅगेत, अळीव कुठल्या बॅगेत, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मावशीने गुपचूप खाली सरकवल्या होत्या त्या शोधून काढल्या (2022 पासून चेक-इन बॅगेत त्या चालत नाहीत, खोबऱ्यात तेल असतं, पेट घेतं). आणि मी हौसेने जादा पैसे भरून आईला विंडो सीट घेतली, ढग दिसतील म्हणून. रात्रीच्या विमानात कसले ढग दिसणार, पंखावरचा एक दिवा दिसतो लुकलुकणारा, पण ते नंतर कळलं.

फ्लाइट पहाटे साडेचारची. कोरेगावहून संध्याकाळी सहाला निघालो, हातावर दही घातलं, शेजारच्या काकूंनी जाते म्हणू नका येते म्हणा असं तीनदा बजावलं. एक्सप्रेस वेवर फूड मॉलला गाडी थांबवली तर आई उतरेचना. मला नाही लागली रे, तू ये जाऊन. माझ्याच कपातला दोन घोट चहा घेतला, पाणी नको म्हणाली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही कारण आई प्रवासात अशीच असते. वाठारकडच्या एका गावात तिने कितीतरी वर्षं एसटीने अप-डाऊन केलं, सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघायची ते संध्याकाळी घरी आल्यावर उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायची. लहानपणी आम्हाला ते बघायला मजा वाटायची, आई घटाघट पिते म्हणून. वाटेत बाईमाणसाला जायची सोय नाही म्हणून प्रवासात पाणी कमी प्यायचं, हे त्या पिढीच्या सगळ्याच बायकांचं ठरलेलं आणि ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यांना स्वतःलाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

विमानतळावर सिक्युरिटीला तिची पाण्याची बाटली काढून टाकायला लावली. नियमच आहे, 100 मिलीच्या वर चालत नाही. पण रिकामी बाटली नेता येते आणि आत गेल्यावर भरता येते हे मी तिला सांगितलं नाही, तिने मनात धरलं की आता पाणी बंद. पुढे व्हीलचेअर ढकलणारा पोरगा एकदम गुणी, आजी आजी करत भराभर गेटपर्यंत घेऊन गेला, वाटेत बाथरूमच्या दोन पाट्या मागे पडल्या पण त्या पोराला थांब म्हणायचं कसं, बरोबर मुलगा चालतोय. आखातापर्यंत 3 तास, तिथे 4 तासांचा थांबा, मग पुढे 14 तासांची फ्लाइट. त्यात आई खिडकीशी, मी मधे, कडेला एक भला माणूस टेकऑफच्या आधीच घोरायला लागलेला. मी दोनदा विचारलं जायचंय का, तर म्हणे झोपलाय तो, कशाला उठवायचं. तिसऱ्या वेळी तो स्वतःच उठला तेव्हा तिला दारापर्यंत सोडलं, दोन मिनिटांत परत आली, म्हणाली जाऊन आले.

विमानतळावर ताई पोटासकट ताटकळत उभी होती, आईला बघितल्याबरोबर तिचा पहिला प्रश्न, आई बाथरूमला गेली होतीस का गं? मी अख्खा दिवस-रात्र बरोबर, मला हा प्रश्न असा सरळ विचारता आला नव्हता. तेव्हा सगळं बाहेर पडलं. दार मधोमध दाबून आत दुमडतं ते कसंबसं जमलं, पण आत मिणमिणता उजेड, कडी नीट सरकवल्याशिवाय मोठा लाइट लागत नाही हे तिला माहीत नाही, तिला वाटलं बिघडलंय. पाणी घ्यायला मग नाही काही नाही, नुसता कागद, आणि पुढच्या बाईने फ्लश केला तेव्हाचा तो फस्सकन आवाज बाहेरूनच ऐकलेला. म्हणून नुसतीच उभी राहून परत आली. त्याच्या वर आणखी एक, बीपीच्या गोळ्यांमधली जी लघवी जास्त करवते ती गोळी तिने दोन दिवस घेतलीच नव्हती, मुद्दाम. पाऊच उघडला तर त्या दोन दिवसांच्या गोळ्या पट्टीत जशाच्या तशा. पाय इतके सुजले होते की चप्पल पायात जाईना, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. ताईने रात्रीच डॉक्टरांना फोन लावला, दोन दिवसांत उतरलं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नंतर वाचलं तेव्हा आणखी टरकलो. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता साधारण 10 ते 20 टक्के, आणि आतला दाब 6 ते 8 हजार फुटांवर असतो तेवढा. कळसूबाई सुमारे 5400 फूट, म्हणजे कळसूबाईच्याही वर नेऊन बसवायचं, चौदा तास पाय हलवायचे नाहीत आणि वर पाणीही नाही. 4 तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास झाला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच सांगितलंय. तसा मुळात धोका लहान, सहा हजारात एखाद्याला, घाबरून तिकीट कॅन्सल करू नका कोणी. पण उठून फेरी मारायला पाहिजे, आणि फेरी तोच मारतो ज्याला बाथरूमला जायची भीती नाही.

तर पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा एवढं घाला. सीट कडेचीच घ्या, ढग मोबाइलवर दाखवा. दार, कडी, फ्लशचं बटण हे निघायच्या आधी घरी बसून सांगा, व्हिडिओ मिळतात. रिकाम्या छोट्या बाटल्या दोन घ्या, एक प्यायला आणि दुसरी धुवायला वेगळी ठेवा. गोळ्या चालू ठेवायच्या का, वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा, आईला ठरवू देऊ नका. आणि मुलग्यांनो, लाजू नका, विचारा, आणि जाऊन आले म्हणाली तर एकदा परत विचारा.

मागच्या महिन्यात ताई बाळाला घेऊन आली तेव्हा आई तिच्याबरोबर परतली, कडेच्या सीटवर, पाच वेळा उठली म्हणे. हे पत्र तिला वाचून दाखवलं. पेपरात असलं कशाला लिहितोस म्हणाली, मग शाळेतल्या सवयीने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि म्हणाली, छापायचं तर छापू दे, पण नाव नको.

– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा