भूत पाहायचं तर डबा टीव्हीवर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लहानपणी गाजलेल्या भुतांच्या मालिकांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाने ‘झी हॉरर शो’चे जुने भाग मोबाइलवर काढून पाहिले, पोट धरून हसले आणि ‘याला घाबरत होतो आपण?’ असं विचारून मोकळे झाले. लेख खुसखुशीत आहे, आमच्या दुकानात तो मोठ्याने वाचूनही झाला. पण दहावीनंतर मी टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात पडलो तो आजही तिथेच आहे, आणि योगायोगाने हीच मालिका मीही या थंडीत पुन्हा बघायला घेतली होती. लेखकाने दिलेला निकाल मालिकेचा नाही, मोबाइलच्या पडद्याचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

झी टीव्ही सुरू झाला ऑक्टोबर १९९२ मध्ये आणि भुतांच्या हिंदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या रामसे बंधूंची ही मालिका आली १९९३ मध्ये. पहिली कथा ‘दस्तक’. तीत पंकज धीर होते, म्हणजे आमच्या पिढीला महाभारतातला कर्ण. पण ती कथा मी पाहिली ती आता. तेव्हा आमच्या गावात दूरदर्शनशिवाय काही दिसत नव्हतं. पुढे एका व्हिडिओवाल्याने घराशेजारच्या मोकळ्या जागेत जाळीची मोठी डिश उभी केली. तिचं तोंड आग्नेयेला, कारण झी ज्याच्यावरून यायचा तो आशियासॅट-१ हा उपग्रह आपल्याकडून पाहिलं तर त्या दिशेला, विषुववृत्ताच्या वर १०५.५ अंश पूर्व रेखांशावर होता. तिथून वायर निघाली ती एकाच्या कवेलूवरून दुसऱ्याच्या गोठ्यावर, तिथून निंबाच्या फांदीला गुंडाळून पुढच्या आळीत. आमचं घर त्या वायरच्या पार शेवटच्या टोकाला.

शेवटच्या टोकाचा अर्थ मेकॅनिकलाच कळेल. जागोजागी जोड, प्रत्येक जोडावर थोडा सिग्नल गळालेला, आणि टोकाला लावायचं ७५ ओमचं टर्मिनेशन, म्हणजे उरलेला सिग्नल तिथेच जिरवणारा छोटा रोधक, कुणी लावलेलं नाही. त्यामुळे दोन गोष्टी व्हायच्या. पडद्यावर सतत मुंग्या. आणि टोकाशी आपटून परत फिरलेल्या सिग्नलमुळे प्रत्येक आकृतीच्या उजव्या अंगाला तिचीच एक फिकट सावली. पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरायला लागली की तिच्यामागोमाग तीच बाई, पुसट अशी, उतरताना दिसायची. मुंबईच्या स्टुडिओत हे कुणी केलेलं नव्हतं, ते आमच्या वायरने फुकटात करून दिलं होतं.

त्यात टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा. रंगीत ओनिडा गावात एकाच घरी होता, आणि त्याच्या जाहिरातीतला शिंगवाला सैतान आम्हाला कधी भीतीदायक वाटला नाही, उलट त्याचा हेवाच वाटे. आमच्या डब्यावर रात्री आणखी एक प्रकार घडायचा. शिवारातले मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, आणि व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. कडेने काळी चौकट रुंद होत जायची आणि मध्ये उरलेल्या खिडकीएवढ्या जागेत तो दरवाजा, तो हात, तो चेहरा. लाइट पुरतीच गेली तर एका काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी यायची. त्या टीव्हीला मागे बारा व्होल्टची जोडणी असे, चिमटे लावले की पाचच मिनिटांत भूत परत हजर.

आता हाच भाग मोबाइलवर बघा. हनुवटीखाली रबरी मुखवट्याची कड दिसते. धूर कोणत्या कोपऱ्यातून सोडलाय ते दिसतं. भिंतीवरचं कोळ्याचं जाळं चिकटवलेलं आहे हे कळतं. पण मुखवटा बनवणाऱ्याने तो कोणासाठी बनवला होता? तेव्हाच्या टीव्हीच्या ६२५ ओळींच्या, त्याही धड न पोचणाऱ्या, दाणेदार चित्रासाठी. त्या चित्रात हनुवटीची कड दिसण्याचा प्रश्नच नव्हता. नाटकाच्या रंगभूषेला पहिल्या रांगेत नाक लावून बसून नावं ठेवावीत, तसा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट लेखकाच्या लक्षात आलेली दिसत नाही. मालिका चौकोनी पडद्याची, चारास तीन अशा मापाची. मला सापडलेल्या कित्येक प्रतींमध्ये कुणीतरी ती ताणून रुंद पडद्याला बसवली आहे. त्यामुळे सगळी पात्रं बुटकी आणि गोलगुटगुटीत झाली आहेत. उंच, हडकुळा, खांदे पाडून चालणारा माणूस आडवा ताणला की किराणा दुकानदार दिसतो. हसू यायचंच. पण त्याचा दोष ना दिग्दर्शकाचा, ना त्या बिचाऱ्या नटाचा.

माझा खरा जीव आहे तो आवाजात. पुन्हा पाहताना मी एक भाग चित्र झाकून नुसता ऐकला. सवयच आहे ती, टीव्ही उघडा पडलेला असतो तेव्हा आम्ही आधी आवाज तपासतो. दाराची करकर, लांबवर रडणारं कुत्रं, पैंजण, आणि मग किंकाळी. हे सगळे मधल्या पट्टीतले आवाज. त्या काळच्या टीव्हीत तीन-चार इंची एकच स्पीकर असायचा. त्याला ढगांचा गडगडाट पेलत नसे, नुसता स्पीकरचा कागद फडफडायचा. पण करकर आणि किंकाळी तो अशी काही द्यायचा की शेजारच्या ओसरीवरचं माणूस उठून बसे. मालिका करणाऱ्यांनी छोट्या स्पीकरची ताकद ओळखली होती असं मला ठामपणे वाटतं.

आणि त्यांनी ओळखलीच पाहिजे होती! रामसे हे मूळचे रामसिंघानी. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि तिथेही दुकान थाटलं ते लॅमिंग्टन रोडवर, जिथून आजही आमच्यासारख्यांचे सुटे भाग येतात. सात भाऊ, आणि कामं घरातल्या घरात वाटलेली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, अर्जुन संकलन, कुमार लेखन, आणि किरण यांच्याकडे ध्वनी. रेडिओवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलांना आवाजाची जाण नसेल तर कुणाला असेल? त्यांच्या वडिलांच्या एका पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात. चित्रपट बुडाला, पण लोक तेवढा प्रसंग बघायला येत होते. मुलांनी ते हेरलं आणि पुढे १९७२ पासून भुतांचाच धंदा मांडला. गिऱ्हाईक नेमकं कशावर थांबतं हे काउंटरवर बसलेल्या माणसाला बरोबर कळतं.

लेखकाने ‘आहट’चाही उल्लेख केला आहे. १९९५ ची ती मालिका बी. पी. सिंग यांची, ‘सीआयडी’वाले तेच. तिच्यातलं भूत फ्लॅटमध्ये, लिफ्टमध्ये, ऑफिसात यायचं. शहरातल्या पोरांची त्याने गाळण उडाली असेल. आमच्या गावात लिफ्टच नाही, तर तिची भीती कुठून येणार? हवेली मात्र आम्हाला लागू पडली, कारण गावाबाहेर पडकी गढी होती. रामसेंच्या हवेलीतलं सगळं आम्ही तिच्यात नेऊन बसवलं होतं. लोक घरं सारवायला, भिंती लिंपायला तिची पांढरी माती खणून नेत, आणि मालिका सुरू झाल्यावर आमच्यापैकी एकही पोट्टा टोपलं घेऊन तिकडे जायला तयार होईना. आता ती गढी जवळपास सपाट झाली आहे, मातीच संपली.

आजी मात्र बधली नाही. ती भिंतीला टेकून बघायची आणि दर भागात तिची एकच तक्रार असे : “येवढा मोठा वाडा, अन् यायले एक बत्ती लावता येत नाई काय?” आम्ही घाबरून गोधडीत शिरलो की म्हणायची, “काहून रे, भेव वाटून रायलं काय? मंग पायता कायले?” तिचं सगळं लक्ष वाड्याच्या लाकडाकडे. सागवान आहे म्हणायची.

मालिकेत सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. एकेक कथा कित्येक आठवडे ताणलेली आहे. विनोदी नोकर आला की मी आता सरळ पुढे ढकलतो. बायांचं काम बहुतेक वेळा किंचाळण्यापुरतं. लेखकाचा शेवटचा मुद्दा होता की या मालिकांनी खेड्यापाड्यांत अंधश्रद्धा पसरवली. त्यावर दोन शब्द लिहितो, कारण आम्ही विदर्भातले, आणि हा विषय आमच्या दाराशी येऊन गेलेला आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर राज्याने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरी २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भरचौकात बांधून मारलं गेलं. मारणाऱ्यांनी रामसेंच्या मालिका पाहून हात उचलला का? मला नाही वाटत. करणीचा संशय आमच्याकडे डिशच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याला हवेलीही लागत नाही, धूरही लागत नाही. घरातलं पोरगं आजारी पडावं, बैल मरावा आणि शेजारी जातीने किंवा पैशाने दुबळा असावा, एवढं पुरतं.

मात्र एक ठपका मी या मालिकेवर ठेवतो. बहुतेक कथांत शेवटी कुणी तांत्रिक किंवा साधू येतो, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, आणि तो बोट दाखवील तिथेच भूत निघतं. तो कधी चुकत नाही. लहानपणी मला भुताची भीती वाटायची, आता त्या बोट दाखवणाऱ्याची वाटते. माझ्या पोराबरोबर भाग बघताना तो माणूस आला की मी मालिका थांबवतो आणि पोराला विचारतो, याचं चुकलं असतं तर? पोरगं वैतागतं, पण उत्तर देतं.

संपादक महोदय, पुरवणीत अशा मालिकांवर पुन्हा लिहायचं झालं तर थट्टा जरूर करा, पण काम करणाऱ्यांबद्दलही लिहा. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, कॅमेरावाले गंगू २०२४ मध्ये. मुखवटे करणारे, धूर सोडणारे, दाराची करकर ध्वनिमुद्रित करणारे कामगार कुठेतरी असतील, त्यांना कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही. मूळ टेपा शाबूत असतील तर त्यांच्यावरून, न ताणलेल्या, धड प्रती निघायला हव्यात. टेप किती वर्षं टिकते हे आम्हा लोकांना विचारा. लग्नाच्या कॅसेटी बुरशी लागून आमच्याकडे येतात तेव्हा बाया रडतात.

तोवर ज्यांना पुन्हा पाहायची आहे त्यांच्यासाठी : मोबाइल बाजूला ठेवा, भिंतीवरच्या टीव्हीवर लावा. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं माप चारास तीन करा, प्रत ताणलेली असली तरी माणसं पुन्हा उंच होतात. रंग पूर्ण शून्यावर आणा, शार्पनेसही शून्यावर, बॅकलाइट निम्म्याखाली. चित्र गुळगुळीत करणारी सोय असते ती बंद करा, तिच्यामुळे भूत लग्नाच्या व्हिडिओत चालल्यासारखं चालतं. साउंडबार जोडू नका, टीव्हीचाच स्पीकर चालू द्या आणि घरातले बाकी दिवे घालवा. एवढं करूनही हसूच आलं तर आपल्या लेखकांनी आमच्या दुकानात यावं, चहा माझ्याकडून.

आपला नम्र वाचक,
एक टीव्ही मेकॅनिक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, ही विनंती)