चॅट्सवर्थ म्हणजे फक्त जॉर्जियाना नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर घराण्यावरचा लेख वाचला. छान होता पण सगळी जागा पाचव्या ड्यूकची बायको जॉर्जियाना हिचा जुगार, तिची कर्जं आणि ड्यूकची प्रेमप्रकरणं ह्यातच गेली, आणि डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ ह्या त्यांच्या वाड्याभोवतीची एवढी मोठी जमीन ह्या कॅव्हेंडिश आडनावाच्या मंडळींकडे आली कशी आणि नंतर गेली कशी ह्यावर एक ओळ नाही. मी बरीच वर्षं ह्या घराण्याबद्दल वाचतोय म्हणून राहवलं नाही.

सुरुवात राजा आठव्या हेन्रीपासून करायला हवी होती. त्याने मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्या कामावर जे अधिकारी होते त्यातला एक सर विल्यम कॅव्हेंडिश, आणि त्याची श्रीमंती तिथूनच सुरू झाली. त्याची बायको बेस ऑफ हार्डविक, मूळची डर्बीशायरची, तिच्या आग्रहावरून त्याने दक्षिणेकडच्या जमिनी विकल्या आणि 1549 मध्ये चॅट्सवर्थ घेतलं. बेसची चार लग्नं झाली, प्रत्येक नवऱ्यामागे तिची मालमत्ता वाढतच गेली आणि म्हातारपणी तिने हार्डविक हॉल बांधला. घराण्याचा पाया घातला तो ह्या बाईने, आणि लेखात तिचं नावसुद्धा नाही ह्याचं खरंच वाईट वाटलं. ड्यूक ही पदवी तर फार नंतरची, 1694 ची, तिसऱ्या विल्यमला गादीवर आणायला मदत केली त्याबद्दल मिळालेली. आयर्लंडमधला लिस्मोर कॅसल आणि यॉर्कशायरमधलं बोल्टन ॲबी हेही चौथ्या ड्यूकच्या बायकोकडून, शार्लट बॉयलकडून आलेलं.

सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन, ज्याने चॅट्सवर्थला काचेचं प्रचंड ग्रीनहाऊस उभारलं आणि त्याच अनुभवावर पुढे 1851 चा क्रिस्टल पॅलेस केला, त्याच्यावर खरं तर वेगळा लेख व्हावा. जगभर विकल्या जाणाऱ्या कॅव्हेंडिश केळ्यांचं नावही त्याच्याच हाताखाली वाढलेल्या रोपाला दिलेल्या ड्यूकच्या आडनावावरून आलेलं. पण त्याच काळात चॅट्सवर्थजवळच्या एडन्सर गावाची (उच्चार एन्झर) जुनी घरं पाडून गाव नव्या जागी वसवलं गेलं, तिथे राहणाऱ्या भाडेकरूंबद्दलही कुणीतरी लिहायला पाहिजे ना.

आता मुख्य मुद्दा. दहाव्या ड्यूकचा मोठा मुलगा 1944 मध्ये बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला (जॉन केनेडींच्या बहिणीशी त्याचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते), म्हणून वारसा धाकट्या अँड्र्यूकडे आला आणि दहाव्या ड्यूकने 1946 मध्ये इस्टेट त्याच्या नावे केली. तेव्हाच्या कायद्याने त्यानंतर पाच वर्षं जगले असते तर मृत्यूकर वाचला असता, पण नोव्हेंबर 1950 मध्ये ड्यूक अचानक वारले, काही महिने कमी पडले आणि इस्टेटीवर 80 टक्के कर बसला. हजारो एकर जमीन विकावी लागली, बेसने बांधलेलं हार्डविक करापोटी सरकारला देऊन 1959 मध्ये नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेलं. अँड्र्यू आणि त्यांची पत्नी डेबोरा ह्यांनी मात्र चॅट्सवर्थ सोडलं नाही, लोकांना तिकीट लावून घर दाखवणं, शेतमालाचं दुकान, सगळं करून ते चालतं ठेवलं आणि 1981 मध्ये वेगळा ट्रस्ट स्थापन करून घर त्याच्या हाती दिलं. मला डेबोराबाईंचं हे काम जॉर्जियानाच्या पार्ट्यांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

पुढचा भाग येणार असेल तर एक फोटो जरूर छापा. करापोटी दिलेल्या वस्तूंमध्ये चित्रकार होल्बाइनने काढलेलं आठव्या हेन्रीचं मोठं रेखाचित्रही होतं, ज्या राजाने मठ बंद केले म्हणून कॅव्हेंडिश श्रीमंत झाले त्याच राजाचं, ते आता लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

आपला,
एक जुना वाचक