आजीने लावायची टिचबटणं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेलं की आई तू मधेच दुसरं काहीतरी काढतेस आणि बाबा स्पीकर लावून टीव्ही बघत बसतात, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. मोठं झालंय, चष्मे घेऊन बसा.

नातीची नोकरी १ तारखेला सुरू होतेय हे माहितीच आहे तुम्हाला. गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच विषय चाललाय, कपडे. ऑफिसात फॉर्मल लागतात, म्हणजे शर्ट, ट्राउझर, मीटिंग असेल तर ब्लेझर, आणि तिच्या मापाचं काही मिळणं म्हणजे काय दिव्य असतं ते मी विसरलेच होते, कारण मी स्वतः कधीचीच शिवून घ्यायला लागले आणि तो प्रश्न मागे टाकला. तिच्याबरोबर फिरले आणि सगळं परत तसंच्या तसं समोर आलं. एका दुकानातली मुलगी आम्ही आत पाय ठेवायच्या आधीच म्हणाली, 'यांच्या साइजमध्ये नाहीये.' विचारलंच नव्हतं अजून काही! दुसरीकडे प्लस साइजचा कोपरा होता, अगदी मागे, आणि तिथे नुसते फुलाफुलांचे झगे आणि लेगिंग्ज. म्हणजे मोठ्या अंगाच्या बाईने सुट्टीवर जावं, ऑफिसात जायचं काय काम.

पण पत्र लिहायला बसले ते दुकानांमुळे नाही, रविवारच्या व्हिडिओ कॉलमुळे. ती पांढरा शर्ट घालून दाखवायला आली होती आणि आई तू म्हणालीस, 'पांढरा कशाला गं, काळा घ्यायचा, आणि जरा सैल, त्यात झाकलं जातं सगळं.' तू प्रेमानेच म्हणालीस, मला कळतं. ती हसली पण. कॉल संपल्यावर आत गेले तर शर्ट काढून घडी घालून ठेवलेला आणि ही सुटलेला टॅग परत लावायला सेफ्टी पिन शोधत होती. परत करायचा म्हणे. मला राग नाही आला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, आला.

कारण हेच वाक्य मी बावीसाव्या वर्षी ऐकलंय. आणि वर तेव्हा तू ट्राउझर एक नंबर लहान घेतली होतीस, आठवतंय? 'म्हणजे कमी करायला हुरूप येईल.' हुरूप कसला डोंबल, सहा महिने मी बसताना हूक काढायचे आणि कुणी बोलवलं की उठायच्या आधी टेबलाखाली तो परत लावायचे, तेवढ्या वेळात माणूस दुसऱ्याला हाक मारून मोकळा व्हायचा. आणि शर्ट तर बाबांचा! बायकांच्यात मिळालाच नाही म्हणून तुमचा निळ्या रेघांचा घालून गेले मी इंटरव्ह्यूला. बटणं उलट्या बाजूला, खांदे दंडावर उतरलेले, गळ्यात अजून एक गळा मावेल इतकी जागा, आणि खाली कुल्ल्यांवर मात्र शेवटचं बटण लागेना कारण पुरुषांचा शर्ट वरून खालपर्यंत सरळ कापलेला असतो. बाबा तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, 'ठमे, साहेबीण दिसतेस.' तेवढ्यावर निघाले मी. (बाकी कुणी ठमी म्हटलेलं मला आजही चालत नाही, तुमचं वेगळं.)

तर बाबा, तुमच्यासाठी थोडी आकडेवारी, तुम्हाला आवडते म्हणून. मी आपली समजत होते की साइज म्हणजे काहीतरी ठरलेलं माप असणार, जसं किलो किंवा मीटर. तसं काही नाहीये. अमेरिकेत १९३९-४० मध्ये त्यांच्या शेती खात्याने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली होती, एकेका बाईची पन्नासच्या वर मापं, आणि त्यातही गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं शेवटच्या हिशोबात धरलीच नाहीत. त्यावरून १९५८ मध्ये तिकडे एक स्टँडर्ड काढलं, तेही पुढे कंपन्या पाळेनाशा झाल्या आणि १९८३ मध्ये मागे घेतलं. म्हणजे आज एका कंपनीचं डबल एक्सएल दुसरीच्या एक्सएलएवढं निघतं ते आपल्या अंगामुळे नाही, प्रत्येकजण आपापल्या मनाने आकडा लावतो. हे तिला सांगितलं तेव्हा जरा चेहरा मोकळा झाला तिचा. नाहीतर प्रत्येक ट्रायल रूममधून ही परीक्षेत नापास झाल्यासारखी बाहेर यायची.

दुसरी भानगड अशी की बहुतेक कंपन्या एक मधला नमुना कापतात आणि मग तोच सगळीकडून थोडा थोडा वाढवत नेतात. आता तूच सांग आई, तू इतकी वर्षं शिवलंयस, माणूस जाड झाला म्हणून खांद्याची हाडं रुंद होतात का? छाती, पोट, दंड, मांडी वाढते, खांदा जवळजवळ तेवढाच राहतो. पण कपड्यात खांदाही वाढवलेला असतो, म्हणून छातीला बरोबर बसणारा शर्ट खांद्यावरून घसरतो, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) खाली लोंबतो, आणि मुंढा खाली गेला की हात वर केला की अख्खा शर्ट पॅंटमधून बाहेर येतो. फळ्यावर लिहायचं असेल, वरच्या कप्प्यातली फाइल काढायची असेल, झालं. लोक म्हणतात अजून मोठा घे. मोठा घेऊन उलट वाढतं ते. वर घट्ट जाणारा मुंढा आणि दंडाला ऐसपैस बाही असं पाहिजे, आणि नेमकं तेच रेडिमेडमध्ये सापडत नाही.

म्हणून आम्ही शेवटी दुकानांत जाणं बंद केलं आणि घरी टेप घेऊन बसलो. हे मला कुणी तेव्हा शिकवलं असतं तर! ऑफिसला जी ब्रा घालणार तीच घालून, पोट आत न ओढता, छाती, कंबर, हिप्स, दंडाचा घेर, मांडी, आसन (कंबरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचं माप), सगळं उभ्याने घेतलं आणि मग कंबर, हिप्स परत बसून घेतले. बसल्यावर माप वाढतं, तिचं २ इंच वाढलं. ऑफिसात माणूस दिवसभर बसलेला असतो आणि ट्राउझर घेतो मात्र आरशासमोर उभा राहून! मग तिचा जो एक जुना शर्ट छान बसतो तो जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजला आणि दुप्पट केला. ऑनलाइन घेताना हा आकडा लागतो, पण चार्टमध्ये दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं ते आधी बघायचं, आमची पहिली दोन पार्सलं त्याच घोळात परत गेली. न ताणणाऱ्या कापडाचा शर्ट छातीच्या मापापेक्षा ३-४ इंच तरी मोठा हवा नाहीतर श्वास घेतला की बटणं ओरडतात.

मग ठरवलं की अंगाचा जो भाग सगळ्यात मोठा त्याला बसेल असं घ्यायचं आणि बाकीचं टेलरकडून आत घ्यायचं. शर्ट छातीच्या मापाने घेतले, मागून कंबरेला दोन उभे टक्स मारून घेतले. त्याआधी एकदा धुतले, कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, आधी टक्स मारले असते तर बोंबलत बसलो असतो. ट्राउझर हिप्स आणि मांडीच्या मापाने, मग कंबरेला मागे जी फट राहते (त्यात माझा मोबाईल मावत होता, खरंच) ती मधल्या शिवणीतून आत. मांड्या घासून आतली शिवण सगळ्यात आधी विरते म्हणून तिथे आतून त्याच कापडाचा तुकडा लावून घेतला, ट्राउझर खालून कापली तेव्हाचा उरलेला. कापडात थोडं इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असलं तर बसता-उठताना बरं पडतं पण फार पातळ आणि ताणणारं नको, ते अंगाला चिकटतं आणि मग दिवसभर खेचत बसा. खिसे तिरके असतील तर हिप्सवर कानासारखे बाहेर येतात, ते शिवून टाकले. खिसा गेला म्हणून नात आठवडाभर नाराज होती, ते मात्र मला पटलं, मोबाईल ठेवायचा कुठे.

ब्लेझरचं उलटं. तिथे खांदा आधी बघायचा, कारण खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते आणि टेलर तोंड वाकडं करतो. बाहीची लांबी, कंबर वगैरे सहज कमी करता येतं. आणि सैल करायचं असेल तर आधी आत मार्जिन किती सोडलंय ते उलटं करून बघायचं, कापडच नसेल तर टेलर तरी काय करणार. आम्हाला अस्तर असलेला, एका बटणाचा मिळाला, छान आहे, खाली शर्ट न अडकता सरकतो. मागच्या कटवर पांढऱ्या दोऱ्याची फुली असते ना, ती काढायची असते हे मला नोकरीत तीन वर्षं झाल्यावर कळलं होतं! तीन वर्षं मी फुली घेऊन हिंडत होते आणि कुणी सांगितलं नाही. हिची मी पहिल्या दिवशीच काढली.

किती घेतलं विचारशील. दोन ट्राउझर, चार शर्ट, एक ब्लेझर, बस. जास्त नाही. आणि 'बारीक झाल्यावर घालेन' म्हणून एकही नाही. माझ्या कपाटात असे कपडे वर्षानुवर्षं लटकत होते, सकाळी दार उघडलं की तेच आधी दिसायचे.

आता आई, ते झाकण्याचं. तू स्वतः कापड ओळखतेस म्हणून तुझ्याशीच वाद घालतेय. सैल कपडा छातीवरून सुटला की सरळ तंबूसारखा खाली पडतो, कंबर आहे की नाही कळतच नाही, म्हणजे आहे त्याहून जास्त मोठं दिसतं. कॉलवर तिने घातलेला तो पांढरा शर्ट टक्स मारायच्या आधीचा होता. आता घातल्यावर बघ. आणि खरं म्हणजे मोठी दिसली तर दिसली गं. ती हिशोब तपासायला चाललीये तिथे, आणि तिचं डोकं तिच्या कामात असायला हवं, माझं जसं हुकात अडकलेलं असायचं तसं नको. माझ्या पहिल्या वर्षातलं काम आठवायला गेले तर मला मीटिंगा आठवत नाहीत, टेबलाखालचा हात आठवतो.

तुझ्यावर ठपका ठेवत नाहीये. तुला लोक मला काय बोलतील याची भीती होती आणि तू तुझ्या परीने आडोसा करत होतीस, हे मला आई झाल्यावर कळलं. परवा मीच तिला म्हणणार होते की आडव्या पट्ट्यांचा नको. तोंडातून निघता निघता गिळलं.

तर आता तुझं काम. चारही शर्ट पार्सलने पाठवतेय. बसल्यावर छातीपाशी दोन बटणांच्या मधे फट पडते, दुकानातून आणलेल्या प्रत्येक शर्टला पडते, तिथे पट्टीच्या आतून एकेक टिचबटण लावायचंय. टेलर लावून देतो पण त्याचा टाका पट्टीच्या वर दिसतो, तुझा दिसत नाही. पेन्सिलने बारीक ठिपके केलेत, घालून बसवूनच केलेत तेव्हा जागा बदलू नकोस. पांढऱ्यावर आणि फिक्या निळ्यावर पारदर्शक बटणं लाव, बाकी दोघांना काळी. सगळी पुडीत आहेत. डोळ्याच्या ऑपरेशननंतर सुई ओवायला त्रास होतो म्हणालीस, बाबा ओवून देतील, टीव्ही बंद करून. दोरा दोन पदरी.

२५ तारखेपर्यंत परत पोचले तर बरं. हो, पांढरा त्यातच आहे, परत केला नाही, टॅग मी कापून टाकला.

तुमची,
ठमी

ता. क. फिक्या निळ्या शर्टाचं वरून तिसरं बटण सैल आहे, हात लागलाच आहे तर तेही पक्कं कर.