लॅबमधल्या मामांना, पिंपाच्या दुसऱ्या कडीसाठी

मामा,

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, फिनॉलपेक्षा पॅरा-नायट्रोफिनॉल जास्त आम्लधर्मी का? उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात, आणि डिस्टिल्ड वॉटरचं ते दोन कड्यांचं पिंप.

एक आम्ल दुसऱ्यापेक्षा तीव्र का, असाच प्रश्न घेऊन मी दोन वर्षं फिरले. वर्गात सांगितलं, "कार्बॉक्झिलिक, मग फिनॉल, मग अल्कोहोल. क्रम पाठ कर." बाहेरच्या क्लासला आईनं कर्ज काढून फी भरली. तिथे पुन्हा विचारलं तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला सायन्स घ्यायला कोणी सांगितलं?" ते अजून सलतं.

तुम्ही दोन परीक्षानळ्या पुढे ठेवल्यात. खाण्याच्या सोड्याचं द्रावण घालताच ॲसेटिक आम्ल फसफसलं. फिनॉल गढूळ ते गढूळच. कॉस्टिक सोडा पडला तेव्हा निवळलं. पीकेए जितका कमी तितकं आम्ल तीव्र, आणि सोड्यातून कार्बोनिक आम्ल बाहेर काढायला त्याच्याहून तीव्र आम्ल लागतं: कार्बोनिक आम्लाचा पीकेए 6.4, ॲसेटिकचा 4.76, फिनॉलचा 10. पाठ केलेले आकडे पहिल्यांदा डोळ्यांना दिसले.

"पण का?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते पिंप उचल." मला हलेना. "आता धर गं एक बाजू." दोघांनी ते सिंकपर्यंत नेलं. भार वाटला की हलका होतो, आम्लांचंही तसंच. इथेनॉलनं प्रोटॉन सोडला की सगळा ऋणभार एकट्या ऑक्सिजनवर, म्हणून ते सोडायलाच राजी नसतं, पीकेए 16. ॲसेटिक आम्लानं प्रोटॉन सोडला की उरतं ॲसिटेट, त्यात दोन ऑक्सिजन, दोघांवर अर्धा-अर्धा भार, कार्बनशी दोघांचे बंधही सारख्याच लांबीचे. फिनॉलचा ऑक्सिजनही वाटून देतो, पण घेणारे रिंगमधले कार्बन, त्यांना ऋणभार तितका पेलत नाही. तीस वर्षं तासांना मागे उभं राहून ऐकलेलं तुम्ही पाच मिनिटांत माझ्या हाती दिलंत.

आणि पिंप खाली ठेवताना तुम्ही थांबलात. माझी बोटं कडीखाली अडकत नाहीत ना, ते वाकून पाहिलंत, मगच तुमची बाजू टेकवलीत. मामा, मला रडू आलं ते त्यामुळे. इतकी वर्षं शिकवणाऱ्यांपैकी कोणी माझ्या बोटांकडे पाहिलं नव्हतं. ज्ञान असलेली माणसं पुष्कळ भेटली. समोरच्याला लागणार नाही याची काळजी घेऊन ते देणारी फार थोडी. अशा माणसांच्या जिवावर कॉलेजं चालतात, आणि निरोप समारंभात त्यांचं नावही कोणी घेत नाही.

मॅडमना मी सांगितलं, पॅरा जागेवरचा नायट्रो गट रिंगमधून आलेला भार स्वतःच्या ऑक्सिजनांवर घेतो, म्हणून पीकेए 7.15. "मग नायट्रो मेटा जागेवर असला तर?" तिथे रेझोनन्सनं, म्हणजे या वाटून घेण्यानं, भार नायट्रोपर्यंत पोचत नाही, तो नुसता दुरून ओढतो, म्हणून 8.4. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "छान समजलंय तुला."

सोमवारी येतेय. पिंप एकट्यानं उचलू नका.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची