वाळवीची नळी पुसली म्हणून वाळवी जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात घर सजवण्याबद्दल भरपूर छापून येतं, पण वाळवीबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक रॉकेल ओता, मीठ टाका, कडुनिंबाचं तेल लावा एवढंच, म्हणून हे पत्र. भिंतीवर दिसणारी मातीची नळी हा वाळवीचा नुसता जायचा-यायचा रस्ता असतो, मुक्काम खाली जमिनीत. तिथे राणी आणि राजा बसलेले असतात (हो, राजापण असतो, आणि तो राणीबरोबर कायम राहतो), काही जातींत राणी दिवसाला हजारो अंडी घालते आणि दहा-दहा वर्षं जगते. आता वरच्या नळीवर रॉकेल ओतून मेल्या समजा दोन-तीनशे कामकरी, खाली काय फरक पडणार? शिवाय रॉकेल पेट घेतं ते वेगळंच, लाकडी चौकटीवर ते ओतायचं म्हणजे कमालच आहे.

ही नळी का बांधतात हे कळलं की बरंचसं कोडं सुटतं. कामकरी वाळवीचं अंग मऊ आणि कातडी पातळ, कोरड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून माती, लाळ आणि विष्ठा कालवून बंदिस्त रस्ता करते आणि आतली ओल टिकवते. म्हणजे तिला लाकडाइतकीच पाण्याची गरज आहे. गळका पाइप, भिंतीला झिरपणारं बाथरूमचं पाणी, एसीच्या नळीचं पाणी पायाशी साचणं, भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं आणि पुठ्ठ्याचे खोके, ही सगळी तिची सोय आपणच केलेली असते. आमचं घर सिमेंटचं आहे, आम्हाला काय होतंय असं म्हणणारे भेटतात, पण सिमेंट खायची तिला गरजच नाही, जेमतेम एक मिलिमीटरची फट मिळाली की ती वर येते आणि चौकट, प्लायवूड, पुस्तकं, कागदपत्रं, जिथे सेल्युलोज (लाकूड-कागद ज्याचे बनतात तो पदार्थ) तिथे जाते. लाकूड आतनं खाते आणि वरचा पापुद्रा ठेवते, म्हणून रंग तसाच चकचकीत आणि बोटाने दाबलं की बोट आत. अधूनमधून चौकटी ठोकून बघायच्या, पोकळ आवाज आला की समजायचं.

पहिला पाऊस पडला की पंखवाल्या उडतात, त्यांना लोक मुंग्या समजतात. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यापेक्षा मोठे. वाळवीला कंबर अशी नसतेच आणि चारही पंख सारख्या लांबीचे. बाहेरच्या दिव्यावर आल्या तर फार घाबरायला नको, पण घरातल्याच भिंतीतनं किंवा चौकटीतनं बाहेर पडताना दिसल्या तर खाली वसाहत जुनी आहे, कारण पंखवाल्या तयार व्हायलाच काही वर्षं जातात. (बाय द वे वाळवी मुंगीची नाही, झुरळाची नातेवाईक.)

अजून एक प्रकार आहे, कोरड्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, नळी नाही, मातीशी संबंध नाही, फक्त फर्निचरखाली बारीक सहा कडांचे दाणे पडलेले दिसतात. तिच्यासाठी जमिनीत औषध घालणं म्हणजे पैसे वाया, औषध त्या लाकडालाच करावं लागतं. म्हणून पेस्ट कंट्रोलवाला आला की आधी प्रकार कुठला ते विचारा. नुसता वरवर फवारा मारून जाणार असेल तर नको म्हणा, पुष्कळ फवाऱ्यांचा वास लागला की वाळवी दुसरीकडनं रस्ता काढते. जमिनीतल्या वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध जमिनीत जायला पाहिजे, आणि ते फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं, तिला न जाणवणारं असेल तर ती त्यातनं फिरते आणि बाकीच्यांनापण देते. आमिषाचे डबे (वाळवीच्या खाण्यात औषध मिसळलेले) पुरतात त्याला कित्येक महिने लागतात, पण ते थेट वसाहतीपर्यंत पोचतं. आणि हे सगळं करून गळका पाइप तसाच ठेवला तर परत फोन करायची वेळ येणारच.

पावसाळ्याआधी एखाद्या कीटकशास्त्रज्ञाकडून यावर नीट लेख लिहून घेता आला तर बघा, आणि नळी, पंख, दाणे यांचे मोठे फोटो टाका, माझ्या वर्णनावरनं ओळखणं अवघड आहे.

आपला,
एक नियमित वाचक