अँटी-डंपिंग अर्जाबाबत सभासदांची बैठक

बेळगावच्या उद्यमबाग व मच्छे भागातील सर्व फाउंड्रीवाल्यांना कळविण्यात येते की येत्या शनिवारी सायंकाळी 5 वाजता संघाच्या सभागृहात बैठक आहे. विषय: परदेशातून पडत्या भावाने येणाऱ्या मालावर जादा आयात शुल्क लावावे, असा सरकारकडे करायचा अर्ज (अँटी-डंपिंग). मालक नसतील तर हिशेब पाहणाऱ्याला पाठवा, पण कोणीतरी यावेच.

माल स्वस्त येतो एवढ्यावर दिल्ली (केंद्र सरकार) ऐकत नाही. निर्यातदार स्वतःच्या देशातील दरापेक्षा कमी दराने इथे विकतो आणि त्यामुळेच आपले नुकसान होते, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. शिवाय अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचे उत्पादन त्या मालाच्या देशातील एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के हवे. म्हणून कोल्हापूरकरांनाही बोलावले आहे.

सोबत आणा:
- चालू व मागील 3 वर्षांचे उत्पादन, विक्री, दर
- किलोमागे खर्च (पिग आयर्न, स्क्रॅप, वीज, मजुरी वेगवेगळे, ठोक आकडा चालणार नाही)

ज्या मालाविरुद्ध अर्ज आहे तोच माल स्वतः आयात करणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे.

— सचिव